बर्फ नको म्हणणाऱ्या शेवंतीबाई

शेवंतीबाई सखाराम यांनी कोणाची माफी मागितल्याचे मला आठवत नाही. चुका त्यांच्या हातूनही झाल्या. त्या त्यांनी स्वतः चारचौघांत सांगितल्या आणि लगेच पुढच्या कामाला हात घातला. माफी हा प्रकार त्यांना वेळेचा अपव्यय वाटत असावा. त्यांना उद्धट म्हणणारे पुष्कळ होते. मी त्यांतला नव्हतो. मात्र त्यांचा भक्तही नव्हतो. जे पाहिले तेवढे लिहितो.

मी सरकारी आरोग्य निरीक्षक होतो. घर तेर रूज गावात आणि कामाचा भाग बेटाच्या उत्तरेला, पांपलमूसपासून त्रियोलेच्या पुढपर्यंत. विहिरी, गटारे, गोठे, दुकानांतील पीठ. घरी आजोबांची कोकणातली मराठी होती. लिहिण्याची मराठी मी बैठकेत, संध्याकाळच्या वर्गात, शिकलो आणि ती नीट लिहावी एवढा हट्ट धरला. माझ्याविषयी इतके पुरे.

आमच्या बेटावर पुष्कळ मराठी घरांचे आडनाव म्हणजे ऊसमजुरीसाठी कोकणातून येऊन बोटीतून उतरलेल्या पहिल्या पूर्वजाचे नाव. सखाराम हे बाईंच्या पणजोबांचे. तेव्हापासून वडिलांपर्यंत सगळ्यांनी ऊसच तोडला. बाईंना शिष्यवृत्ती मिळाली, त्या युरोपात गेल्या, तिथे जनावरांकडून माणसांकडे येणाऱ्या रोगजंतूंवर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट घेतली, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर परत येऊन सरकारी प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तिकडे चांगली जागा मिळत असताना परत का आलात, असे पहिल्याच दिवशी एका कारकुनाने विचारले. बाई म्हणाल्या, "तिकडं उंदीर कमी हायत."

बुटका बांधा, ताणून बांधलेले केस, साडीखाली कॅनव्हासचे बूट. सभेत खुर्ची दिली तरी उभ्या राहत. बोलताना समोरच्याच्या हुद्द्याकडे पाहत नसत. हुद्दा असणाऱ्याला ते फार लवकर जाणवे. त्यांची आणखी एक खोड प्रयोगशाळेत सर्वांना ठाऊक होती. त्या ज्या जंतूच्या मागे होत्या, तो काचेच्या नळीत वाढला तर द्रवाच्या पृष्ठभागाखाली एक अस्पष्ट दुधी कडे दिसते. ते पाहायला मागे काहीतरी काळे लागते. म्हणून काळा कोट घातलेला कोणीही माणूस दिसला की बाई त्याला धरत. "इन्स्पेक्तेर, पाठ करा," असे म्हणून माझ्या पाठीशी नळी लावून त्या न्याहाळत. पाहुणे आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यालाही त्यांनी असेच वळवून उभे केले होते. तो बिचारा छायाचित्र काढत आहेत असे समजून ताठ उभा राहिला.

त्यांचे शास्त्र मला कळले ते राजधानी पोर्ट लुईहून त्रियोलेला जाणाऱ्या बसमध्ये.

"इन्स्पेक्तेर, सांगा. जंतूला डोळे हायत?"

"नाहीत."

"कान?"

"नाहीत."

"मग त्येला कळतं कसं, की आपुन आता ओहळात नाय, माणसात हाय?"

 कंडक्टर मागे उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "ऊब लागत असंल, तांतीन." तांतीन म्हणजे मावशी, आमच्याकडे कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला तसे म्हणतात.

"बराबर. पन ऊब लागली ही बातमी आतमदी कोन सांगतं?"

त्यांनी समजावले ते असे. जंतूच्या अंगात विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात; बाई त्यांना बेटावरच्या क्रेओल बोलीतल्यासारखे आंझीम म्हणत. त्यांतली काही केवळ निरोपासाठी असतात. बाहेर बदल झाला, पाणी गेले आणि रक्त आले, गारवा गेला आणि ऊब आली, की असे विकर एक लहानसा रेणू तयार करते. तो रेणू जंतूच्या आत पसरतो, आणि मग जंतू आपली वागणूक बदलतो. ओहळात निमूट पडून राहणारा जीव मूत्रपिंडाच्या वाटेला लागतो.

"म्हंजे फाक्तेर," कंडक्टर म्हणाला. फाक्तेर म्हणजे टपालवाला.

"फाक्तेर तो रेणू. आंझीम म्हंजे पोस्टात बसून कागद लिवणारा. आन् तू तिकिटं फाड, पुढं दोघं फुकट बसलेत."

हे सिद्ध झाले आहे का, असे मी विचारले.

"दुसऱ्या जंतूंत झालंय. माझ्या जंतूत नाय. त्येला लागणारं यंत्र ह्या बेटावर नाय, आन् उसातली माणसं तिकडं नाय. दोन्हीतलं एक निवडायचं व्हतं. निवडलं."

यापेक्षा अधिक त्या त्याविषयी कधी बोलल्या नाहीत.

उसातली माणसे हा खरा प्रश्न होता. तोडणीच्या दिवसांत आणि पावसानंतर मजुरांना ताप येई. पोटऱ्या इतक्या दुखत की उभे राहवत नसे, डोळे आधी लाल आणि मग पिवळे होत, काहींची लघवी बंद पडे आणि ते मरत. आज महाराष्ट्रात ज्याला लोक लेप्टो म्हणतात, तोच हा रोग. उंदराच्या, कधी गुराच्या लघवीतून जंतू ओल्या मातीत उतरतो आणि पायाच्या चिरेतून माणसात शिरतो. पण आमच्या भागातील एका साखर इस्टेटच्या दवाखान्यात (तिचे नाव देण्याचे कारण नाही) पिवळ्या डोळ्यांचा मजूर आला की डॉक्टर एकच गोष्ट लिहीत: दारूने यकृत गेले. मजूर रम पितात हे सर्वांना माहीत. त्यामुळे हे निदान कोणालाच खोटे वाटत नसे. त्याला पेनिसिलिन देत नसत. घरी पाठवत.

बाईंचे म्हणणे होते की यांतली बरीच माणसे दारूने नव्हे, उंदराने मरत आहेत. ते दाखवायचे तर जंतू वाढवून दाखवायला हवा. आणि तो वाढत नव्हता.

त्याचे कारण, बाईंच्या मते, आमच्या प्रयोगशाळेचे दोन नियम होते. संचालक ब्रिटनमध्ये शिकलेले, काटेकोर आणि प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांच्या आधी नमुने उन्हात सडून येत. त्यांनी भांडून परदेशी शीतपेट्या मिळवल्या आणि नियम केला की बर्फात न आलेला नमुना खिडकीवरूनच परत. बहुतेक जंतूंसाठी नियम योग्यच होता. दुसरा नियम, आठवडाभरात काही न वाढलेल्या नळ्या रिकाम्या करून धुवायच्या. कारण नळ्यांची नेहमी टंचाई. या दोन्ही नियमांचा आम्हा सर्वांना अभिमान होता. शीतपेटी खांद्याला लावून गावात शिरलो की लोक बाजूला होऊन वाट देत. मलाही ते आवडे.

बाईंनी पहिल्या महिन्यातच संचालकांना सांगितले की बर्फात विकराचा निरोप चुकतो म्हणून या जंतूला बर्फ मानवत नाही आणि तो वाढायला आठवडे घेतो. संचालकांनी विचारले, तुमच्या जागी दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर तुम्ही पुरावा मागितला असता की नाही? बाई म्हणाल्या, मागितला असता. संचालक म्हणाले, मग आणा.

पुरावा आणण्यासाठी प्रथम उंदीर हवे होते. आणि तोडणीचा हंगाम ऐन भरात येतो तेव्हा आमच्याकडे गणपती येतात.

त्रियोलेच्या बाजूच्या एका वस्तीत मराठी मजुरांची घरे होती. तिथे चाल अशी की गणपती घरात असेपर्यंत उंदराला सापळा लावायचा नाही. बाई नेमक्या त्याच दिवसांत पिंजरे घेऊन हजर झाल्या. मंदिर समितीचे अध्यक्ष नानाजी, निवृत्त शिक्षक, धोतर सावरत पुढे आले.

"बाय, तू सखारामाची पणती ना?"

"व्हय."

"उंदीर कोनाचं वाहन हाय, ठाव हाय?"

"देवाचा उंदीर देवाजवळ बसलाय. मोदक खातोय. मी उसातल्या उंदराबद्दल बोलते."

"त्येचाच भाऊबंद नव्हं का तो?"

"माजेबी भाऊबंद हायत, नानाजी. सगळे देवळात बसण्याजोगे नायत."

लोक हसले. नानाजी हसले नाहीत. परवानगी मिळणार नाही असे दिसू लागले तेव्हा मागून भिवा पुढे आला. भिवा ऊस तोडे आणि भजनात ढोलकी वाजवी. गळ्यात तुळशीची माळ. दारूला कधी शिवला नाही. इतर मजुरांची त्यावरून थट्टा चाले आणि तो ती आनंदाने सोसे. तो म्हणाला, "नानाजी, गावात नको तर नको. बाय, माज्या तोडीत ये. तितले उंदीर देवाचं ऐकत नाय, माजी भाकर खातात." त्याने स्वतः बाईंना ओहळाच्या काठची बिळे दाखवली. तिथेच तो आणि त्याचा धाकटा भाऊ राघू गुडघाभर पाण्यात अनवाणी उभे राहून कोयते धूत. बाईंनी त्या पायांकडे पाहिले. पात्यांनी कापलेले, फुटलेले पाय. त्या त्याला म्हणाल्या, "भिवा, ह्या पाण्यात उतरू नको." तो म्हणाला, "मग कोयता कशात धुऊ, तांतीन? चहात?"

त्या उंदरांतून काही निघाले नाही. ते बर्फातून गेले होते. मीच नेले होते, नियमाप्रमाणे.

पुढच्या हंगामात भिवा आजारी पडला. मला कळले तेव्हा तो गेला होता. त्याची बायको सोना हिला डॉक्टरांनी सांगितले की नवरा प्यायचा, यकृत गेले. ती म्हणाली, त्याने कधी थेंब घेतला नाही. डॉक्टर म्हणाले, बायकांना सगळे ठाऊक नसते. मृत्यूच्या दाखल्यावर तसेच लिहिले गेले. मग वस्तीत कुजबूज सुरू झाली. माळ घालून चोरून पीत असेल, एवढा भजनी कसा, असे. तेराव्याला सोनाच्या घरी जेवायला फार थोडी माणसे आली. नानाजी आले नाहीत. मी गेलो होतो. पानांवर भात तसाच थंड झाला. बाईही आल्या होत्या. त्या सोनाच्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

तो महिना उलटण्यापूर्वी राघू तापाने पडला. पोटऱ्या, लाल डोळे, सगळे तेच. सोना स्वतः पांपलमूसला बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाय, एक गेला तो दारुडा ठरला. ह्यो दुसरा. ह्येचं तरी खरं काय ते सांग."

आम्ही इस्टेटच्या दवाखान्यात गेलो. बाईंनी खाटेशीच रक्त घेतले आणि थेंब थेंब नळ्यांत सोडले. मग त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि पेनिसिलिन सुरू करा म्हणाल्या.

"बाई, आपण वैद्यक शिकलेल्या नाहीत."

"नाही."

"दारूच्या यकृताला पेनिसिलिन कशासाठी?"

"द्या. आणि कागदावर लिहा की शेवंती सखाराम या बाईने सांगितले म्हणून दिले. जगला तर तुमचे नाव लिहा. मेला तर माझे."

हे त्या स्वच्छ फ्रेंचमध्ये बोलल्या, आवाज न चढवता, दारात उभ्या राहून. डॉक्टरांना बाहेर जायचे होते. दार एकच होते. पेनिसिलिन सुरू झाले.

प्रयोगशाळेत खरी लढाई झाली. बाईंनी अर्ध्या नळ्या माझ्या शीतपेटीत बर्फात ठेवल्या होत्या आणि अर्ध्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात, स्वतःच्या मांडीवर, बसने आणल्या होत्या. खिडकीवरच्या कारकुनाने डबा परत केला. बाई डबा घेऊन सरळ संचालकांच्या खोलीत गेल्या. मी मागे.

संचालक म्हणाले, "नियम लेखी आहे, मिस सखाराम."

"जंतूला वाचता येत नाही."

"आपण आपल्या त्या विकराच्या तर्कावर सरकारी पद्धत मोडायला सांगता आहात."

"मोडू नका. अर्धे रक्त तुमच्या पद्धतीने आणले आहे. माणूस तोच, वेळ तीच, सुई तीच. शेजारी शेजारी ठेवा. आणि आठवड्याने कोणी धुवायला नेले तर मी त्याला अंगणात उभे करीन."

"किती दिवस ठेवायच्या?"

"वाढेपर्यंत."

"आणि वाढलेच नाही तर?"

"तर मी चुकले असे तुम्ही सर्वांना सांगा. मीही सांगेन."

संचालकांना हे पसंत पडले. ते न्यायी होते आणि त्यांना खात्री होती. नळ्या एका कोपऱ्यात अंधारात राहिल्या. बाईंनी वर खडूने क्रेओलमध्ये लिहिले: पा झेते. फेकू नका. धुणारी बाई रोज तिथे येऊन ते वाचून परत जाई आणि कुरकुरे की तिचे बेसिन रिकामे पडले.

राघू जगला. महिन्याच्या आत हिंडू लागला. पण जगणे हा पुरावा नव्हे. डॉक्टर म्हणत, दारू सुटली म्हणून बरा झाला. राघू म्हणे, "धरली कधी व्हती?"

आठवडे गेले. बऱ्याच नळ्या दुसऱ्याच जंतूंनी गढूळ होऊन वाया गेल्या, डब्यातल्याही आणि बर्फातल्याही. प्रयोगशाळेत लोक बाईंना विचारत, "तांतीन, फाक्तेर आला का?" बाई म्हणत, "संप चाललाय."

मग एका सकाळी मी पाण्याचे नमुने घेऊन गेलो तो बाई नळी हातात घेऊन खोलीच्या मध्यभागी उभ्या. संचालक नेहमीच्या काळ्या सुटात आत येत होते. बाईंनी त्यांच्या कोटाच्या छातीशी नळी धरली. संचालकांनी मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिले. पृष्ठभागाच्या थोडे खाली दुधी कडे होते. मग ते दोघे सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेले. नंतर मलाही पाहू दिले. काळ्या पार्श्वभूमीवर चंदेरी, अतिशय बारीक तंतू. टोके आकड्यासारखी वळलेली. स्वतःभोवती फिरत चाललेले. मी माणसे मरताना पाहिली होती, पण त्यांना मारणारे कधी पाहिले नव्हते. बाई माझ्या मागे उभ्या होत्या. "आला ली," त्या म्हणाल्या. क्रेओलमध्ये म्हणजे हा बघ.

गोष्ट इथे संपली असती तर ती बाईंची झाली नसती. काही दिवसांनी बर्फातून आलेल्या एका नळीतही कडे दिसले. ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. बाईंनीच ती नळी संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

संचालकांनी नळी स्वतःच्या काळ्या बाहीशी धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे बर्फाने तो मरत नाही."

"नेहमी मरत नाही. बर्फाविषयी मी जास्त बोलले. तेवढे चुकले."

"आणि आपले विकर?"

"ते अजून माझ्या डोक्यातच आहे. पण ही नळी आपण आठवड्याने धुतली असती. इतकी वर्षे आपण हेच धूत आलो."

संचालकांनी दुसरा नियम त्याच दिवशी रद्द केला. पहिला त्यांनी या रोगापुरता शिथिल केला, आणि परिपत्रक काढून इस्टेटच्या दवाखान्यांना पेनिसिलिनविषयी कळवले. परिपत्रकात बाईंचे नाव नव्हते. मी ते त्यांना दाखवले. त्यांनी फक्त औषधाचे प्रमाण बरोबर छापले आहे की नाही ते तपासले.

भिवाचा दाखला मात्र बदलला नाही. डॉक्टर म्हणाले, मृताचे रक्त आहे का तुमच्याकडे? नव्हते. बाई तिथून निघाल्या त्या तशाच त्रियोलेला गेल्या. भिवाचे वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि मंदिरात शनिवारचे भजन होते. भजन संपून प्रसादाची वेळ झाली तेव्हा बाई उठल्या. आमच्या मंदिरात तोवर कोणी बाई समितीसमोर उभी राहून बोललेली नव्हती. नानाजी म्हणाले, "बाय, बस. आरतीनंतर बोलू."

"आरती झाली, नानाजी."

त्यांनी लोकांकडे तोंड केले.

"भिवाला काय झालं ते मला सिद्ध करता येत नाय. त्येचं रक्त माज्याकडं नाय. त्येच्या भावाला काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आन् आमच्या संचालकांनी बघितलंय. दोघं एकाच ओहळात उभे व्हते. दारू दोघांनी घेतली नाय. कागदावर काय लिवलंय ते मला बदलता येत नाय. तुमच्या तोंडात काय हाय, ते तुमी बदला."

 बाहेर एक बस थांबून गेली. मग सोना उठली. प्रसादाचे ताट तिने पुजाऱ्याच्या हातून घेतले आणि ती ओळीने वाटू लागली. नानाजींपाशी आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. एवढेच झाले. बाई प्रसाद घेण्याआधीच निघून गेल्या होत्या. त्यांना शेवटची बस गाठायची होती.

पुढे ऐंशीच्या दशकात परदेशातून एक अंक आला. गुरांच्या काळपुळी रोगाच्या जंतूचे एक विष म्हणजे मुळात तसलेच निरोपाचा रेणू बनवणारे विकर आहे, असे कोणी शोधून काढले होते. जंतू ते माणसाच्या पेशीत सोडतो आणि तिथे खोटे निरोप पसरवतो. बाईंनी ते मला उभ्याने वाचून दाखवले. मी म्हणालो, तुम्ही तिकडे राहिला असता तर. त्यांनी अंक मिटला. "कोनीतरी केलं ना? मग झालं," त्या म्हणाल्या, आणि अंक कपाटात ठेवून नळ्या तपासायला गेल्या.

त्या निवृत्त झाल्या त्या सुमारास इस्टेटने अखेर तोडणीवाल्यांना गमबूट दिले. संचालकांचे परिपत्रक, बाईंचे तगादे आणि मजूर संघटनेची ओरड, तिन्हींनी मिळून ते झाले. मला वाटले, आता या बाई घरी बसतील.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिले. तोडणीचा हंगाम सुरू झाला होता. मी कामासाठी सकाळी लवकर त्रियोलेच्या पुढे निघालो होतो. वळणावर मजुरांनी भरलेली लॉरी उभी होती आणि सारखी हॉर्न वाजवत होती. पुढे रस्त्याच्या मधोमध शेवंतीबाई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. हात मागे बांधलेले.

लॉरीतल्या माणसांनी बूट गळ्यात अडकवले होते. ओहळात बुटात पाणी भरते, पाय जड होतो, तोड मागे पडते. म्हणून कोणी ते घालत नसे. राघूही त्यांच्यात होता. त्याच्याही गळ्यात बूट.

टोळीचा सरदार, म्हणजे मुकादम, खाली उतरला. "तांतीन, बाजूला व्हा. उशीर व्हतोय."

"होऊ दे."

"माझी नोकरी जाईल."

"राघूला विचार काय काय जातं ते."

"बूट तितं गेल्यावर घालतील. मी सांगतो ना."

"मी तितं नसते."

ड्रायव्हरने इंजिन मोठे केले. लॉरी हातभर पुढे आली. बाई हलल्या नाहीत. वरून कोणीतरी ओरडले की म्हातारीला उचलून बाजूला ठेवा. राघूने त्या माणसाकडे पाहिले आणि लॉरीच्या फळीवर बसून एक बूट पायात घातला. मग दुसरा. मग त्याच्या शेजारच्याने. शिव्या देत, हसत, एकमेकांच्या खांद्याला धरून सगळे घालू लागले. शेवटच्या माणसाला दोन्ही बूट डाव्या पायाचे मिळाले होते. बाईंनी त्याला तेच घालायला लावले.

मग त्या कडेला झाल्या. लॉरी गेली. मी सायकलवरून उतरलो होतो. त्यांना हाक मारावी असे मनात आले. तेवढ्यात वळणामागून दुसऱ्या लॉरीचा आवाज आला, आणि धूळ बसण्याआधीच बाई पुन्हा रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या.